एकच ‘पाव’, तीन घराणी : सारख्या दिसणाऱ्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर शब्दांशीच गाठ असते म्हटल्यावर नातेवाईक, शेजारी, भाचरांचे मित्र, सगळे आपापल्या शंका माझ्याकडे घेऊन येतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच जातीच्या असतात: अमक्या भाषेतला शब्द थेट आपल्या शब्दासारखा आहे, मग तो आपल्याकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला? पुष्कळदा दोन्ही नसतं, आणि हे मला मनापासून समजावून सांगावंसं वाटतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात पावापासून, कारण या दोन अक्षरांत जवळजवळ सगळा विषय मावतो.

‘पाव किलो’तला पाव आणि ‘वडापाव’मधला पाव एकच का?

नाही. हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या भाचीने विचारला, ती आठ वर्षांची असताना. शाळेत नुकतंच पाव, अर्धा, पाऊण शिकवलं होतं. बेकरीच्या फळीवर हनुवटी टेकवून तिने मागितलं, “पाव डझन पाव द्या.” बेकरीवाल्या काकांनी क्षणभर विचार केला आणि लादीतून तीन पाव मोडून कागदात गुंडाळले. घरी येताना तिचा प्रश्न: “मावशी, दोन्ही पाव सारखेच कसे?”

सारखे नाहीत, फक्त उच्चार जुळला आहे. आणि दोनच नाहीत, मराठीत तीन पाव आहेत.

पहिला पाव चौथ्या हिश्शाचा. तो संस्कृतातल्या ‘पाद’ शब्दापासून आला. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा भाग. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पाद म्हणतात ते यामुळेच. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळाला, ‘पाअ’ उरलं. लागोपाठ आलेले दोन स्वर जिभेला अडखळवतात, म्हणून मध्ये कधी ‘य’ घुसला तर कधी ‘व’. ‘य’ घुसला तिथे चालायचा ‘पाय’ झाला, ‘व’ घुसला तिथे मोजायचा ‘पाव’. ‘घात’ या शब्दाचंही असंच झालं, त्याचे ‘घाय’ आणि ‘घाव’ दोन्ही आपल्याकडे आहेत. या पावाचं कुटुंब मोठं: पावशेर, चार आण्यांची पावली, पावकी. ‘पाऊण’ म्हणजे पाद अधिक ऊन, एक पाव कमी. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासकट. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ होत्या. औट म्हणजे साडेतीन. ते बाजारात बोटं न मोडता हिशेब करायचे.

दुसरा पाव खायचा. तो पोर्तुगीज. त्यांच्या तोंडी त्याचा उच्चार साधारण ‘पांउ’ असा, नाकातून. त्याच्या मागे लॅटिनमधलं ‘पानिस’ किंवा ‘पानेम’. लॅटिनमधला दोन स्वरांमधला ‘न’ पोर्तुगीजांनी विरघळवून टाकला आणि त्याची आठवण म्हणून स्वर तेवढा नाकात ठेवला. स्पॅनिश माणूस हाताला ‘मानो’ म्हणतो, पोर्तुगीज ‘मांउ’. तसंच हे, स्पॅनिशमध्ये ‘पान’, पोर्तुगीजमध्ये ‘पांउ’.

तिसरा पाव देवाचा. ‘नवसाला पावतो’, गणपतीच्या आरतीतलं ‘संकटी पावावे’. हा ‘प्राप्’ या धातूचा वंशज. सुरुवातीचं ‘प्र’ सोपं होऊन ‘प’ झालं आणि दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ झाला. जसा दीपचा दिवा, कपाटचं कवाड. पैसे पोचल्याचा कागद म्हणजे ‘पावती’, तीही याच घरातली.

‘पावणे’ हे क्रियापद ज्ञानेश्वरीत जागोजागी आहे, आणि ज्ञानेश्वरी १२९०ची. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. म्हणजे खायचा पाव या किनाऱ्याला लागण्याआधी दोनशे वर्षं आपले देव पावतच होते.

कणीक पायाने तुडवतात म्हणून ‘पाव’ नाव पडलं, असं ऐकलंय. खरं का?

नाव त्यावरून पडलेलं नाही. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. कुणाच्या आजीने त्यापायी आयुष्यभर पावाला हात लावला नाही, असंही मी ऐकलं आहे. पण जरा विचार करून बघा. मराठीत चालतो तो ‘पाय’. ‘पाँव’ हिंदीत. आणि हा पदार्थ आला समुद्रावरून, पश्चिम किनाऱ्याने. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकेपर्यंत होती. एवढ्या काळात त्यांच्या भट्ट्यांबरोबर त्यांचे शब्द रुजले. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये बेकरीवाला म्हणजे ‘पादेइरू’, त्याचंच हे रूप. धंद्याचं नाव तिकडचं, मग मालाचं नाव आपल्या पायावरून कसं पडेल?

गोव्यात पहाटे पोदेर सायकलवरून येतो. मागे मोठी टोपली, वर कापड, आणि हातात रबरी भोंगा. टोपलीत उंडे, पोय, बांगडीसारखी गोल काकणं. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे आपली माडी, वापरायचे. युरोपातली पाककृती इथल्या माडाच्या झाडाने पुरी केली.

आणि लादीतल्या चार पावांपैकी एक म्हणून ‘पाव’, हे तरी?

तेही नाही. लादी चारचीच असते असा कुठे नियम नाही, सहाची असते, आठची असते, बाराचीही असते. शब्द आधी आला आणि स्पष्टीकरण मागून जोडलं गेलं. लोक असं का करतात हे मला समजतं. अनोळखी शब्द घरात आला की त्याला आपल्या ओळखीच्या शब्दाचा भाऊ ठरवल्याशिवाय चैन पडत नाही. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि जगातल्या सगळ्या भाषांत ती चालते.

जपानमध्ये पावाला ‘पान’ म्हणतात. मग आपल्या पानाशी त्याचं काही नातं?

जपानी ‘पान’चं नातं आपल्या पावाशी आहे, पानाशी नाही. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, आणि त्यांच्या मागोमाग पाव पोचला. त्या ‘पांउ’मधला नाकातला सूर जपान्यांनी ‘न’ म्हणून धरला, आपण तो सोडून शेवटचा ‘उ’ धरून त्याचा ‘व’ केला. म्हणजे वडापावातला पाव आणि टोकियोच्या बेकरीतला ‘पान’ हे सख्खे भाऊ, वेगवेगळ्या गावी वाढलेले. कोरियन लोकांनी तो जपान्यांकडून घेतला, ते ‘प्पांग’ म्हणतात.

आपलं पान मात्र ‘पर्ण’. ‘र्ण’ होता तिथे प्राकृतात ‘ण्ण’ झाला, मराठीत ‘न’: पर्णचं पान, कर्णचा कान, चूर्णचा चुना. पानाला चुना लावताना आपण एकाच नियमाने घडलेले दोन शब्द एकमेकांना लावत असतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मी पानवाल्याच्या टपरीसमोर उभी राहून त्याच्या बोटाकडे बघतच राहिले होते. पुस्तकाचं पान याच पानातून निघालं, जेवणाची पानं मांडतो तीही यातलीच.

आणखी एक पान आहे, ‘पिणे’ या अर्थाचं. स्तनपान, धूम्रपान यांतलं. ते संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं. त्याचा धातू ‘पा’, त्याच धातूपासून ‘पानीय’ आणि त्याचं आपलं ‘पाणी’.

जपानमध्ये ‘आनपान’ नावाचा एक गोड पाव मिळतो. टोकियोच्या गिंझा भागातल्या किमुराया या दुकानाने तो १८७४ मध्ये पहिल्यांदा केला. आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं पुरण असतं. पुरणाला तिथे ‘आन’ म्हणतात. आता ‘आनपान’ आणि आपलं ‘अन्नपान’ शेजारी ठेवा. एकाचा अर्थ पुरणाचा पाव, दुसऱ्याचा खाणंपिणं. दोन्ही शब्द खाण्याचेच, आणि तरीही त्यांच्यात कणभर नातं नाही. एक पान लॅटिनमधून पोर्तुगीजांच्या गलबतात बसून गेलं, दुसरं ‘पा’ या धातूपासून निघालं. एवढं जुळूनही नातं नसू शकतं, हे पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मग जपानी ‘आरिगातो’ हाही पोर्तुगीज ‘ओब्रिगादु’वरूनच आला असणार ना?

नाही. दोन्हींचा अर्थ ‘आभारी आहे’, पोर्तुगीज तिथे गेले होते हेही खरं. पण ‘आरिगाताशी’ हे विशेषण जपानीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. इसवी सन १०००च्या सुमाराच्या दरबारी लेखनात ते ‘असणं कठीण’ म्हणजे ‘दुर्मीळ’ या अर्थाने येतं. दुर्मीळ गोष्ट कुणी आपल्यासाठी केली की आभार, असा त्याचा अर्थ सरकत गेला. ‘ओब्रिगादु’ लॅटिनमधल्या ‘बांधणे’ या धातूपासून, तुमच्या उपकाराने बांधलेला. त्याच दोन देशांत एक खरं उसनं आणि एक नुसता भास, म्हणून एका शब्दाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही.

‘दुकानदार’ म्हणजे दुकानाच्या दारात बसतो तो?

शाळेतल्या मुलांच्या वहीत मी हे उत्तर खरोखर पाहिलं आहे, आणि मुलाचा विचार वाईट नव्हता. पण ‘दार’ हा पावापेक्षाही भरलेला वाडा आहे, सावकाश बघू.

घराचं दार ‘द्वार’ शब्दाचं. फारसीत दाराला ‘दर’ म्हणतात, दरवाजा त्यातला. इंग्रजी ‘डोअर’ही याच कुळातला, खराखुरा नातलग.

दुकानदार, हवालदार, सुभेदार, जमीनदार यांतला ‘दार’ फारसी प्रत्यय आहे, ‘धरणारा, बाळगणारा’ या अर्थाचा. संस्कृतात चक्रधर, मुरलीधर म्हणतो त्यातल्या ‘धर’चा तो दूरचा भाऊ. मराठीने हा प्रत्यय इतका आपलासा केला की तो आपल्या शब्दांनाही लावला: जोडीदार, समजूतदार, पाणीदार, धारदार. ‘धारदार’मध्ये धार आपली आणि दार फारसी, पण सुरी हातात घेणाऱ्याला कुठे सांधा जाणवत नाही.

‘देवदार’मध्ये ना दरवाजा ना धरणारा. तिथे मूळ ‘देवदारु’, दारु म्हणजे लाकूड, देवांचं झाड.

संस्कृतात आणखी एक ‘दार’ आहे, अर्थ पत्नी. आणि तो शब्द पुल्लिंगी, शिवाय नेहमी अनेकवचनी चालतो. संस्कृत शिकणारा प्रत्येक विद्यार्थी इथे एकदा थबकतो.

आता खरं परकं दार. टांझानियातलं मोठं शहर दार-ए-सलाम. झांझिबारचा सुलतान माजिद याने १८६०च्या दशकात ते वसवायला घेतलं. पुष्कळ मराठी माणसं त्याचा अर्थ ‘शांतीचं दार’ असा लावतात. पण हा ‘दार’ अरबी, अर्थ घर, निवास. दारुलउलूम म्हणजे विद्यांचं घर, दार-ए-सलाम म्हणजे शांतीचं घर. अरबी ही हिब्रूच्या कुळातली भाषा. संस्कृत, फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज या सगळ्या भांडून का होईना एका घरातल्या, अरबी त्या घरातली नाही. तिच्या ‘दार’चा आपल्या दाराशी संबंध उच्चारापुरताच.

फणस आणि अननस दोन्ही काटेरी, नावंही जुळतात. एकाच शब्दाची पिल्लं असतील ना?

वाटतं खरं, पण नाही. फणस म्हणजे संस्कृतातला ‘पनस’, शेकडो वर्षं इथलाच. अननस दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेत त्या फळाचं नाव ‘नाना’ असं होतं. पोर्तुगीजांनी त्याचं ‘अनानास’ केलं, आणि फळ व नाव दोन्ही इकडे आणली. काजू, पपई, बटाटा हे शब्दही त्यांच्याच गलबतातून उतरले. फणसाच्या कानाला लागेल अशा बेताने आपण ‘अननस’ म्हणायला लागलो, आणि आता दोन्ही फळं नावानेही बहिणी वाटतात.

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. पोर्तुगीजांनी फणसाला ‘जाका’ म्हटलं, त्यावरून इंग्रजीतलं ‘जॅकफ्रूट’. हा ‘जाका’ त्यांना मिळाला केरळात, कारण मल्याळममध्ये फणस म्हणजे ‘चक्का’.

माझ्या एका मल्याळी मैत्रिणीने एकदा सांगितलं, “आईने चक्का उपेरी पाठवलीय, ये खायला.” मी आनंदाने गेले. डोळ्यांसमोर फडक्यात बांधून टांगलेला, पाणी गळून घट्ट झालेला श्रीखंडाचा चक्का. तो तळला कसा असेल याचाच रस्ताभर विचार. तिने डबा उघडला तर आत फणसाचे तळलेले गरे, खोबरेल तेलाच्या वासाचे, अगदी आमच्या कोकणातल्यासारखे. चक्का ऐकून मला दही आठवलं, तिला फणस, आणि हिंदी भाषक ‘चक्का जाम’मधलं चाक आठवेल. मराठी आणि मल्याळम वेगळ्या कुळांतल्या, पण डबा दोघींनी मिळून संपवला.

‘बदनाम’ म्हणजे इंग्रजीतलं ‘बॅड नेम’ नाही का? इतकं जुळतं ते उगाच?

माझ्या आवडीचा प्रश्न, कारण याचं उत्तर निम्मं ‘हो’ आणि निम्मं ‘नाही’ आहे.

‘नाम’ आणि ‘नेम’ खरोखर एक. संस्कृत नामन्, फारसी नाम, लॅटिन नोमेन, इंग्रजी नेम, हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत आणि सगळ्या बहीणभाषांत ते साखळीने सापडतात.

‘बद’ आणि ‘बॅड’ मात्र योगायोग. फारसीतला हा शब्द इस्लामपूर्व काळच्या मध्य फारसीत ‘वद’ असा होता, ‘व’चा ‘ब’ नंतर झाला. मागे जावं तसतसे दोन जवळ यायला हवेत, नातं असेल तर. हे दोघे मागे जाताना दूर जातात. एकाच जोडशब्दाचा एक पाय नात्यावर आणि दुसरा योगायोगावर उभा आहे.

जपानीत नावाला ‘नामाए’ म्हणतात तेही लोक याला जोडतात. ते ‘ना’ आणि ‘माए’ असे दोन जपानी शब्द आहेत, त्याचा ‘नामन्’शी संबंध नाही.

मामा, बाबा, आई हे शब्द जगभर सारखे का? हे तरी एका मूळ भाषेतून आलेले असणार.

कारण बाळाचं तोंड जगभर सारखं आहे. ओठ मिटून उघडले की म, प, ब. जीभ टेकवली की न, त, द. तोंड नुसतं उघडं ठेवलं की आ. बाळ आधी हेच आवाज काढतं, आणि पाळण्यावर वाकलेल्या माणसाला वाटतं, मलाच हाक मारली. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने ही गोष्ट नीट मांडली. आवाज सारखे राहतात, पण ते कुणाच्या वाट्याला जातील हे प्रत्येक समाज आपापलं ठरवतो. चिनी ‘मामा’ आई. मराठी मामा आईचा भाऊ. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. तुर्कीत आईला ‘आन्ने’ म्हणतात, आपल्याकडे अण्णा हा थोरला भाऊ किंवा वडील, आणि तो शब्द आपण कन्नडच्या शेजारातून घेतला. युरोपातलं मुलीचं ‘आना’ हे नाव हिब्रूतल्या ‘कृपा’ या अर्थाच्या शब्दापासून.

‘जपानीत आई म्हणजे प्रेम’ हा संदेश मला दरवर्षी कुणीतरी पाठवतं. अर्थ बरोबर आहे. जपानीत ‘आई’ म्हणजे प्रेम, आणि तो शब्द त्यांनी चिनी भाषेतून घेतला. आपल्या आईचा त्याच्याशी वंशाचा संबंध नाही. तरी हा संदेश पुढे पाठवायला माझी काही हरकत नाही. फक्त ‘म्हणून जपानी मराठीतून निघाली’ हे खालचं वाक्य तेवढं खोडावं.

एवढे योगायोग होतात तरी कसे?

गणित करून बघा. समजा एखाद्या भाषेत २० व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. व्यंजन, स्वर, व्यंजन अशा घाटाचे किती शब्द होतील? २० गुणिले ५ गुणिले २०, म्हणजे २०००. शब्द हवेत हजारोंनी, भाषा आहेत हजारोंनी, आणि छोटे साचे एवढेच. टक्कर न होणं हेच नवल ठरेल.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला म्बाबराम नावाची भाषा होती. १९६०च्या दशकात रॉबर्ट डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ तिच्या शेवटच्या काही जाणकारांकडून शब्द टिपून घेत होते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर उत्तर आलं: ‘डॉग’. इंग्रजीतून उचलला असणार, असं कुणालाही वाटेल. पण शेजारच्या भाषांत कुत्रा ‘गुडा’, ‘गुडागा’ असा आहे. म्बाबराममध्ये शब्दांचा आरंभ झडून जातो, तशी त्यांची रीतच आहे. ‘गुडागा’चा ‘गु’ गेला, शेपूट आखूड झालं, उरलं ते ‘डॉग’. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या वाटांनी चालत आलेला एकच आवाज, आणि अर्थही तोच.

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हेही असंच का?

नाही, हे उलटं आहे. इथे शब्द एकच, संस्कृत. अर्थ वाटेत फाकले. ‘चांगला धडा शिकवला’ म्हणतो तेव्हा शिकवणं आणि दंड करणं किती जवळ आहे ते कळतं. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. ‘राग’ मूळचा रंग, आसक्ती. गाण्यात तो राग झाला, चेहरा लाल करतो तोही राग झाला. इथे शब्दाचं घर एक आहे, खोल्या अनेक. पावाच्या बाबतीत घरंच तीन, पाटी तेवढी सारखी.

मग खरं नातं ओळखायचं कसं?

सारखेपणा शोधू नका, नियम शोधा. इंग्रजी ‘फूट’ आणि आपला ‘पाद’ कानाला मुळीच सारखे नाहीत. पण संस्कृतातल्या आरंभीच्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो, हे पुन्हा पुन्हा दिसतं: पितृ आणि फादर, पूर्ण आणि फुल. आणि ‘द’च्या जागी ‘ट’ येतो: दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ. दोन्ही नियम लावले की पादचा ‘फूट’ आपोआप समोर उभा राहतो. म्हणजे पावशेरातल्या पावाचा खरा नातलग इंग्रजांच्या फूटपट्टीवर आहे, पावाच्या लादीत नाही. दोन्ही मापांचेच शब्द.

याहून लांबचं उदाहरण ‘चक्र’. ग्रीकमध्ये तो ‘कुक्लोस’, आणि इंग्रजीत ‘व्हील’. तिघेही एकाच पूर्वजाचे. नुसत्या डोळ्यांना हे कधीच दिसलं नसतं.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली. नंतरच्या शंभर वर्षांत अभ्यासकांनी हे नियम एकेक करून बसवले. तेव्हापासून ‘ऐकायला सारखं लागतं’ हा पुरावा धरत नाहीत.

म्हणजे संस्कृत ही या सगळ्यांची आई नव्हे?

मराठीची पूर्वज, प्राकृतांच्या वाटेने. ग्रीक, लॅटिन, फारसीची बहीण. तमिळ, कन्नड, मल्याळम, अरबी, जपानी या वेगळ्या घरच्या. आणि त्यात संस्कृतचा कमीपणा काहीच नाही.

शंका आली तर मी कुठे बघू?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आजही उपयोगी पडते. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा मराठी व्युत्पत्तिकोश. कोणताही चांगला कोश उघडलात की आधी एक बघा: शब्द एकाच नोंदीत १, २, ३ असे अर्थ देऊन छापलाय, की तोच शब्द वेगवेगळ्या नोंदींत पुन्हा पुन्हा आलाय? पहिलं असेल तर शब्द एक आणि अर्थ अनेक. दुसरं असेल तर शब्दच अनेक. बारीक टाईपातला हा फरक मुद्रितं वाचताना मी कधी सुटू देत नाही, कारण दोन नोंदी चुकून एक झाल्या की दोन शब्दांचा इतिहास एकमेकांत मिसळतो.

‘पावसाळा’तला पाव यांतला कुठला?

तिन्हींपैकी एकही नाही. हा प्रश्नही भाचीचाच, आता ती कॉलेजात आहे. संस्कृतात पावसाळ्याला ‘प्रावृष्’ म्हणतात. प्राकृतात त्याचा ‘पाउस’ झाला आणि मराठीत पाऊस. ‘पतितपावन’मधला पाव आणखी निराळा, शुद्ध करणे या अर्थाच्या ‘पू’ धातूचा. आणि चेहऱ्याला लावायची पावडर इंग्रजीतून आली. ही यादी मी तिला फोनवर सांगत होते तेव्हा तिच्याकडे मुसळधार पाऊस पडत होता आणि ती बेकरीच्या छपराखाली उभी होती. हातात किती पाव आहेत ते विचारलं तर म्हणाली, “पाव डझनच.”